शांतता समितीला खुलं पत्र: एकाच्या चुकीसाठी अख्खा समाज उभा करू नका

प्रति,
तालुका शांतता समितीचे सर्व सदस्य, पीआय साहेब आणि तहसीलदार मॅडम,

सगळ्यांना नमस्कार.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते आणि तुम्हीही मला ओळखता, तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे, उत्पन्नाचा दाखला असो की पीकविमा, कधी ना कधी सगळेच माझ्या काउंटरला येऊन गेलेत. तोंडावर बोलायला गेलं की "ताई, बैठकीत मांडा" म्हणता आणि बैठकीत उठून उभं राहिलं की वेळ संपलेला असतो, म्हणून सगळ्यांसमोर लिहायलेय. काहींना राग येईल. येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं एखाद्यानं काही केलं की त्याची शिक्षा त्याच्या अख्ख्या समाजाला भोगावी लागते, आणि एखाद्याला स्वतःच्या आयुष्याचं काही ठरवायचं असलं की त्याला समाजाची परवानगी लागते. मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. दोन्हीकडं माणूस गायब होतो आणि समाज तेवढा शिल्लक राहतो. आणि सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं की ज्या समितीनं हे थांबवायचं तीच समिती हे पक्कं करायली.

कसं ते सांगते. तुमच्या हजेरीच्या रजिस्टरला रकाने आहेत नाव, मोबाईल, समाज आणि सही. मीच त्याच्या झेरॉक्स काढून दिल्यात. बैठकीत माईकवर पुकारा होतो, आता मुस्लिम समाजातर्फे चाचा बोलतील, मराठा समाजातर्फे दादा बोलतील, बौद्ध समाजातर्फे, वंजारी समाजातर्फे, धनगर समाजातर्फे, असं एकेक. यांना त्या समाजाच्या वतीनं बोलायला कुणी निवडून दिलं? चाचांचा भंगारचा धंदा मोठा आहे, सगळ्या पक्षाचे लोक त्यांच्याकडं चहाला बसतात, म्हणून ते प्रतिनिधी. दादांकडं दोन जेसीबी आहेत आणि जयंतीची वर्गणी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून ते. माणसं वाईट नाहीत, चाचांनी तर माझ्या वडिलांच्या आजारपणात रात्री गाडी काढून दिली होती, ते मी कधी विसरणार नाही. पण उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाई काय विचार करतात, बारावीला असलेल्या पोरींना काय वाटतं, हातगाडीवाल्याचं काय म्हणणं आहे, हे चाचांना कुठून माहीत असणार? आणि दादांच्या गल्लीत राहणाऱ्या पण दादांशी अजिबात न पटणाऱ्या माणसानं कुठं जाऊन बोलायचं? त्याला तुमच्या रजिस्टरमध्ये जागाच नाही.

मागच्या पावसाळ्यातलं स्टेटसचं प्रकरण घ्या. एकोणीस वर्षांच्या पोरानं रात्री मोबाईलवर स्टेटस ठेवलं, कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, तासाभरात पोलीस स्टेशनसमोर गर्दी. साहेबांनी गुन्हा दाखल केला, पोराला ताब्यात घेतलं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही, जे कायद्यात बसतं ते करा, पोरगं चुकलं असेल तर कोर्ट बघून घेईल. पण दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी आठवडी बाजार आणि बाजाराच्या आदल्या रात्री सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज, त्यांच्याकडून काही घेऊ नका, नाव विचारून मगच खरेदी करा.

माझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर केळीची हातगाडी लागते. मालक अर्धापूरकडची केळी आडतीतून उचलतो, उधारीवर, संध्याकाळी गल्ला मोजून आडत्याचे पैसे देतो. त्या दिवशी सकाळी त्यानं नेहमीसारखी केळी मांडली, पिवळीधमक, घड वर दोरीला टांगलेले. दुपारी ऊन चढलं तशी त्यानं गोणपाट ओलं करून टाकलं. माणसं येत होती, गाडीपर्यंत येऊन थांबायची, इकडंतिकडं कोण बघतंय का बघायची आणि पुढं जायची. एक म्हातारी रोज दोन केळी घेते नातवासाठी, तिच्या पोरानं तिचा हात धरून ओढून नेलं, ती वळून वळून बघत होती. चार वाजता पिग्मीवाला आला, गाडीवाल्यानं नुसती मान हलवली. पुढच्या दोन दिवसांत घड काळे पडले आणि शेवटी गुरांना घातले. मग त्याची बायको माझ्याकडं आली, फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं दहा हजाराचं कर्ज आहे त्यांच्यावर, फॉर्म मीच भरला होता, तिला विचारायचं होतं की या महिन्याचा हप्ता पुढं ढकलता येतो का. त्या स्टेटसवाल्या पोराशी यांचं ना नातं ना ओळख. तो पोरगा दुसऱ्या टोकाला राहतो. त्या बाईला त्यानं काय स्टेटस ठेवलं होतं हेसुद्धा माहीत नव्हतं!

आणि तुम्ही काय केलं? तातडीची बैठक बोलावली, चांगलं केलं. त्या बैठकीत ठरलं की समाजाच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागावी. मौलाना, चाचा, दोन माजी नगरसेवक हात जोडून उभे राहिले, फोटो निघाले, पेपरला आलं की समाजानं दिलगिरी व्यक्त केली. सगळ्यांना हायसं वाटलं की वातावरण निवळलं. पण मला सांगा, पोरानं माफी मागणं वेगळं, फार तर त्याच्या बापानं मागणं वेगळं, मौलानांनी कशाची माफी मागितली? माफी मागणं म्हणजे गुन्हा केला हे कबूल करणं. जे लोक ग्रुपवर लिहित होते की हे सगळे एकच आहेत त्यांच्या हातात तुम्ही सरकारी मंडपात, खाकी वर्दीच्या साक्षीनं पुरावा दिला. हातगाडीवाल्याकडून कुणी केळी घेतली नाहीत ते बरोबरच होतं असा त्याचा अर्थ निघाला. त्याच बैठकीत एकजण म्हणाले की पोराचं घर अतिक्रमणात आहे का ते नगरपरिषदेनं बघावं, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं स्वच्छ सांगितलंय की एखादा आरोपी आहे म्हणून त्याचं घर पाडता येत नाही, बांधकाम बेकायदा असेल तरी, रस्ता-नदीसारख्या सार्वजनिक जागेवरचं सोडून, आधी १५ दिवसांची नोटीस पाहिजे, कारण घरात आरोपीची आई असते, बहीण असते, त्यांना कसली शिक्षा? बैठकीत बसलेल्या एका तरी अधिकाऱ्यानं हे उठून सांगायला पाहिजे होतं.

हे मी एका बाजूनं बोलायलेय असं वाटेल काहींना. तसं नाही. ३० मार्च २०२५ ला गेवराई तालुक्यात अर्धमसल्याच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला, दोन जणांना पकडलं. दोन जणांना. पण माझ्या दुकानात बसून एक चांगला शिकलेला मुलगा म्हणाला की आता हिंदूंवर, कुणावरच विश्वास ठेवता येत नाही. मी त्याला तेच म्हणलं जे केळीवाल्याच्या वेळी बाकीच्यांना म्हणलं होतं, की दोघांचं नाव घे, सगळ्यांचं घेऊ नको.

आणि हिंदू-मुसलमान एवढ्यावर तरी कुठं थांबलंय. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, किती निर्घृण ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्यावर खटला चालू आहे, न्याय व्हायलाच पाहिजे, त्यात कुणाचा मुलाहिजा नको. पण आठ-पंधरा दिवसांत ते प्रकरण खून करणारे आणि मेलेला माणूस यांचं राहिलंच नाही, दोन जातींचं झालं. त्याच्या आधीपासूनच, २०२४ च्या लोकसभेपासून, अमक्यांच्या दुकानातून घेऊ नका, तमक्यांच्या हॉटेलात चहा पिऊ नका असं चालूच होतं. आपल्या बसस्टँडवर बघा, पूर्वी जिथं चहा चांगला तिथं माणसं बसायची, आता आडनाव बघून बसायलेत. वर्गातली पोरं डबा खायला जातीजातीनं बसतात हे मला एका शिक्षकानं डोळ्यात पाणी आणून सांगितलं. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये आपल्या नेमप्लेटवरची आडनावं काढून टाकली, फक्त पहिलं नाव ठेवलं. मला ते मनापासून आवडलं. मग माझा प्रश्न असा की जिल्ह्यातल्या पोलिसांनी छातीवरचं आडनाव काढलं तर तुमच्या रजिस्टरमधला समाजाचा रकाना अजून कशाला ठेवलाय?

आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्याला हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात, निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांचे अत्याचार सांगितले जातात, आणि ते सांगायलाच पाहिजेत, आमच्या आजीच्या गावात बायका रात्र रात्र ज्वारीच्या शेतात लपून बसायच्या. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, आपल्या लातूरला वकिली करणारा माणूस. तो म्हणायचा मी मुसलमानांच्या वतीनं बोलतो. पण त्याच वेळी हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक 'इमरोज' नावाचा उर्दू पेपर चालवत होता आणि लिहित होता की हैदराबादनं भारतात सामील व्हावं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याचा खून केला. मारेकरी रझाकार. आता सांगा, मुसलमानांचा प्रतिनिधी कोण, रझवी की शोएबुल्ला? तेव्हा तुमची शांतता समिती असती तर खुर्ची रझवीलाच मिळाली असती, कारण त्याच्यामागं गर्दी होती. शोएबुल्लाच्या मागं कोण होतं?

आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरल्यानंतर, काय झालं ते आपण भाषणात सांगत नाही. रझाकारांनी जे केलं त्याचा हिशोब गावोगावच्या गरीब मुसलमानांकडून चुकता केला गेला, ज्यातल्या कितीतरी जणांनी रझाकाराचा गणवेश कधी अंगाला लावला नव्हता. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, तिच्या अहवालात २७ ते ४० हजार माणसं गेली असा अंदाज आहे आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावं आहेत, बाकी दोन गुलबर्गा आणि बीदर. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे जी मला कायम आठवते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्या जमावापासून वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीव घालवले. त्यांनी समोरच्याचा समाज बघितला नाही, शेजारच्या मागावर रोज बसणारा माणूस बघितला.

पुढं १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. कुणाची घरं जळाली? ज्यांनी विद्यापीठाचं गेटसुद्धा बघितलं नव्हतं, ज्यांच्या घरात सातवी पास कुणी नव्हतं, अशा खेड्यातल्या दलितांची. ठराव मुंबईत झाला आणि शिक्षा गावकुसाबाहेरच्या माणसाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, साडेपंधरा वर्षं.

म्हणून मला बाबासाहेबांचं एक वाक्य फार मोलाचं वाटतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी घटना समितीत मसुदा मांडला, म्हणजे आपल्याकडच्या पोलीस ॲक्शनला दोन महिनेही झाले नव्हते. त्या भाषणात ते म्हणाले की या मसुद्यानं गाव हे एकक टाकून देऊन व्यक्ती हे एकक मानलं याचा मला आनंद आहे. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयतेचा अड्डा आहे असं ते तिथंच म्हणाले, लोकांना ते झोंबलं, आजही झोंबतं. पण मतदार यादी बघा, त्यात एकेक माणूस आहे, चाचांच्या नावावर त्यांच्या समाजाची मतं लिहिलेली नाहीत. गुन्हा एकेकावर दाखल होतो, सातबारा एकेकाच्या नावावर निघतो. माझ्याकडं फॉर्म भरायला येतात तेव्हा ओटीपी प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगळा येतो. सरकारच्या बाकी सगळ्या कागदांत माणूस एकटा उभा राहू शकतो, फक्त शांततेची वेळ आली की त्याला कळपात ढकलायचं, हे कुठून आलं?

आता कुणी म्हणेल की ताईला समाज नकोच आहे. नाही हो, असं कसं म्हणेन मी. या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं राहतात, त्यांना भाकरी कोण देतं? भावकीच देते ना. मयत झालं तर पहिले खांदेकरी गल्लीतलेच असतात. बुद्धविहारात चालणाऱ्या अभ्यासिकेतून पोरं पोलीस भरतीत लागली, मशिदीच्या कमिटीनं विधवांच्या पोरांची फी भरली, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कुणीही जाऊन लंगरला बसावं, कुणी कोण म्हणून विचारत नाही. आरक्षण मागणं म्हणजे जातीयवाद असंही मी मानत नाही. ज्यांना जात म्हणून बाहेर ठेवलं त्यांना जात म्हणूनच आत घ्यावं लागणार, दुसरा रस्ता नाही, आणि ज्यांना वाटतं आमच्यावरही अन्याय झालाय त्यांनी सरकारकडं जाऊन मागावं, मोर्चे काढावेत, पुरावे द्यावेत. समाजानं सरकारकडं हजारदा मागावं. शाळा मागावी, कब्रस्तानाला जागा मागावी, स्मशानाचा रस्ता मागावा, शिष्यवृत्ती मागावी. पण समाजानं आपल्याच माणसाकडं त्याचं मत, त्याचा धंदा, त्याचं लग्न मागू नये. माझ्या दृष्टीनं रेघ तिथं आहे. आणि दुसऱ्या समाजाच्या माणसाच्या पोटावर पाय देऊन तर कुठलंच हित साधत नाही.

ही रेघ बायकांच्या बाबतीत सगळ्यात आधी पुसली जाते. १८ एप्रिल १९६६ ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तेव्हा समाजाचे म्हणवणारे सगळे त्यांच्या विरोधात होते, फक्त सात बायका, पण त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांचं स्वतःचं होतं. आपल्या लातूरच्या एका बाईचं प्रकरण २००२ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठापुढं गेलं आणि कोर्टानं सांगितलं की नवऱ्यानं नुसतं मी तलाक दिला असं म्हणून भागत नाही, कारण दाखवावं लागेल, समेटाचा प्रयत्न झाला हे सिद्ध करावं लागेल. देशभर गाजलेला तीन तलाकचा निकाल आला २०१७ ला, त्याच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट, आणि ती लातूरच्या बाईमुळं झाली. तिनं समाजाची परवानगी काढून कोर्टात जायचं ठरवलं असतं तर ती अजून दारातच बसली असती. हिंदूंनी यात फार कौतुकानं माना डोलवू नयेत, जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या बायका आपल्याकडं कमी नव्हत्या, म्हणून तर राज्याला कायदा करावा लागला.

त्या कायद्याचंही बोलते. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो एकाच समाजातल्या माणसांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याबद्दल आहे. केळीवाल्याला त्याच्या समाजानं वाळीत टाकलं नव्हतं, दुसऱ्यांनी टाकलं, तिथं हा कायदा तोकडा पडतो. म्हणून पोलीस काही करू शकत नाहीत असं नाही. दोन समाजांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहेच, आणि २८ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता स्वतःहून गुन्हा नोंदवा, बोलणारा कुठल्याही धर्माचा असो. स्टेटस ठेवणाऱ्या पोरावर तासाभरात गुन्हा झाला. खरेदी करू नका म्हणून मेसेज टाकणाऱ्या ग्रुप ॲडमिनला साधं बोलावून तरी घेतलं का, पीआय साहेब? मेसेजचे स्क्रीनशॉट मी स्वतः तुमच्या अंमलदाराला दाखवले होते, ते म्हणाले, ताई आता निवळलंय, परत कशाला उकरायचं.

जो पोळला त्याचं कधी निवळतं का?

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ती सांगते. आपल्या तालुक्यातल्या एका मुलानं आणि एका मुलीनं विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली आहे. दोघं वेगळ्या धर्माचे. कोण कुठल्या धर्माचं ते मी मुद्दाम लिहित नाही, कारण ते कळलं की तुमच्यातले अर्धे लगेच मुलाच्या बाजूचे आणि अर्धे मुलीच्या बाजूचे होतील. दोघं सज्ञान आहेत, दोघं कमावते आहेत, शाळा सोडल्याचे दाखले, आधार, रहिवासी सगळं माझ्याच मशीनवर झेरॉक्स झालंय. १९५४ च्या त्या कायद्यात ३० दिवसांची नोटीस ऑफिसात दिसेल अशा जागी लावावी लागते. कायदा तसा आहे, मला तो पटत नाही, पण आहे. कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला आणि नाव, गाव, पत्त्यासकट दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. आणि मग समितीतलेच काही सदस्य, मी नावं घेत नाही, मुलीच्या घरी गेले, काही मुलाच्या घरी गेले. एरवी मिरवणुकीच्या रस्त्यावरून ज्यांचं पटत नाही त्यांचं या एका गोष्टीत पटलं की हे लग्न होता कामा नये, गावाची शांतता बिघडेल.

कायद्यात त्या नोटिशीवर हरकत घ्यायची कारणं ठरलेली आहेत. आधीचा जोडीदार हयात आहे, वय भरत नाही, संमती द्यायच्या मानसिक स्थितीत नाही, नातं जवळचं आहे. धर्म वेगळा हे त्यात कारण नाही. समाजाला पटत नाही हे तर नाहीच नाही. २७ मार्च २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर घरच्यांची, समाजाची, कुळाची संमती लागत नाही, आणि कुणी जमून अडवायला लागलं तर ते बेकायदेशीर आहे, पोलिसांनी अशांना संरक्षण द्यायचंय. आईवडिलांना वाईट वाटेल, मला समजतं, मलाही मुलगी आहे. त्यांनी रडावं, भांडावं, अबोला धरावा, तो त्यांच्या घरातला मामला आहे. तुम्ही कोण? शांतता समितीच्या ओळखपत्रावर तुम्ही कुणाच्या घरात जाऊन मुलीला समजावता? दोन माणसांच्या लग्नानं गावाची शांतता बिघडत नाही, ती बिघडते फोटो टाकणाऱ्यांमुळं आणि गर्दी गोळा करणाऱ्यांमुळं, आणि तुम्ही शांततेच्या नावाखाली त्यांच्याऐवजी त्या दोघांनाच थांबवायलात.

मला काय पाहिजे ते सांगते. रजिस्टरमधला समाजाचा रकाना काढा आणि माईकवर नुसतं माणसाचं नाव पुकारा. अमुक समाजातर्फे म्हणून कुणाला उभं करू नका, कुणी तसं बोलायला लागलं तर विचारा की तुमचं स्वतःचं म्हणणं काय. खुर्च्यांवर सगळे पुरुष असतात, पुढाऱ्यांच्या बायका नव्हे तर काम करणाऱ्या बायका बोलवा, आशाताई, अंगणवाडीताई, उर्दू शाळेतल्या त्या बाई, जयभीमनगरात बचतगट चालवणारी मावशी, बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या, दंगलीची झळ पहिली यांनाच लागते आणि गावात काय शिजतंय हे तुमच्याआधी यांना कळतं. समाजाच्या वतीनं माफी परत कधी घेऊ नका, कुणाकडूनच. आणि बहिष्काराचा मेसेज फिरला की त्याच दिवशी नगरपरिषदेच्या गाडीवरून पुकारा करा की हा गुन्हा आहे, आणि तुम्ही सगळे सदस्य स्वतः बाजारात जा, ज्याच्या गाडीवर कुणी जात नाही तिथं उभे राहून दोन डझन केळी घ्या, सगळ्यांना दिसेल अशी. याला निधी लागत नाही की वरून ऑर्डर लागत नाही.

खाली सहीत मी आडनाव लिहिलेलं नाही. ज्याला शोधायचंय तो शोधेलच, गाव केवढं आहे. पण पुढच्या बैठकीला मी येणार आहे आणि माझ्या नावापुढं समाज लिहायला कुणी सांगितलं तर लिहिणार नाही.

पीआय साहेब, त्या मुलानं आणि मुलीनं संरक्षणासाठी दिलेला अर्ज तुमच्याकडं पडून आहे. पोचपावतीची झेरॉक्स माझ्याकडं आहे, तारीख वाचता येते, शिक्का स्पष्ट आहे. नोटिशीची मुदत पुढच्या आठवड्यात संपायली. सण, मंडप, डीजेची वेळ हे सगळं नंतर ठरवा, आधी त्या अर्जावर निर्णय द्या, आणि जे सदस्य त्यांच्या घरी गेले होते त्यांना परत जाऊ नका म्हणून लेखी कळवा.

आपली,
तहसीलसमोरची झेरॉक्सवाली ताई